फुलीवाल्याचा शेवटचा जोड

प्लास्टिकला नाक मुरडणारं माणूस समोर आलं की माझं डोकं फिरतं. मागच्या महिन्यात एका नव्या दवाखान्यात मी जमिनीवर विनाइल अंथरत होते. गुडघे टेकलेले, हातात पाती, कंबर कामातून गेलेली, आणि डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "शेवटी प्लास्टिक ते प्लास्टिकच. दगडी फरशीची सर नाही."

मी पाती खाली ठेवली. म्हटलं, "मॅडम, भिंतीतल्या विजेच्या तारांवरचं वेष्टण याच जातीचं. खिडक्यांच्या या पांढऱ्या चौकटी याच जातीच्या. उद्या तुम्ही पेशंटला सलाइन लावाल ती नळी, रक्त भराल ती पिशवी, तो झोपेल त्या गादीचं रेक्झिन, सगळं हेच. तुमच्या खांद्यावरची पर्ससुद्धा चामड्याची नाही. मी रोज या मालाला हात लावते, मला लांबूनही कळतं. हे सगळं काढून घेतलं तर तुमच्याकडे दगड तेवढे उरतील."

पर्सचं बोलायला नको होतं. ठेकेदारानं मला जिन्यात नेऊन चांगलंच झापलं. एरवी मी सामान उचलून चालती झाले असते, पण त्या दिवशी खाली मान घालून ऐकून घेतलं. मला ते काम सोडायचं नव्हतं. त्या इमारतीत पाय ठेवायची संधी मी सतरा वर्षं शोधत होते. तिथल्या दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराची भिंत मला फुटलेली बघायची होती, कारण तिच्या आत माझ्या बाबांची अब्रू गाडलेली होती.

बाबा नळकाम करायचे. आमच्या घरात नळकाम आणलं ते मोठ्या काकांनी, बाबांच्या थोरल्या भावानं, आणि ते लोखंडाचं. आईवडील गेले तेव्हा बाबा सहा वर्षांचे होते आणि काका अठराचे. काकांनी लग्न केलं नाही, पोटाला चिमटा घेऊन धाकट्याला वाढवलं, हे आमच्या घरात दिवसातून एकदा तरी कोणीतरी म्हणायचंच. बहुतेक वेळा काका स्वतः.

काकांच्या काळात पाईप पकडीत आवळायचा, तेल सोडत सोडत त्याच्या तोंडावर आटे पाडायचे, आट्यांवर तागाचा धागा गुंडाळून सफेद्याचा पांढरा लेप फासायचा आणि मग हातभर लांबीचा पाना लावून अंगातला सगळा जोर काढून पिळायचं. लोखंडाला एकच नियम. जेवढं पिळाल तेवढं घट्ट. काकांच्या पिळण्याची तर ख्याती होती. त्यांनी आवळलेला जोड सोडवायला दोन माणसं लागायची आणि ती दोघंही त्यांना शिव्या द्यायची. पण त्या लोखंडाला गंज चढायचा, ते वाहून न्यायला चारचौघं लागायची आणि त्याची किंमत ऐकून गरीब माणूस नळाचा नाद सोडायचा. वरच्या मजल्यावर नळ असणं ही श्रीमंती होती. बाकीच्या बायका बादल्या घेऊन जिने चढायच्या. माझी आई लग्नानंतर तीन वर्षं तशी चढली आहे. तिचा डावा गुडघा अजून त्याबद्दल कुरकुरतो.

मग पीव्हीसीचे, म्हणजे या विनाइलच्याच जातीचे, पांढरे पाईप आले. एकटा माणूस सहा-सात पाईप सायकलला बांधून शीळ घालत कामावर जायला लागला. अर्ध्या मिनिटात करवतीनं कापायचा, टोकाला चिकटवायचं सोल्युशन लावायचं, दाबून बसवायचा, झालं. गंज नाही, आटे नाहीत, तेलाचा राडा नाही. बाबा तेव्हा पंचवीसचे होते. त्यांना तो पाईप बघताक्षणी आवडला. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "ही मुळात पांढरी पावडर असते. तिच्यातला निम्म्याहून जास्त भाग मिठातून काढतात, बाकीचा खनिज तेलातून किंवा वायूतून. मिठाचा पाईप आहे हा, पण पाण्यात विरघळायचा नाही." लोक हसायचे आणि पाईप घ्यायचे.

पाच-सहा वर्षांत सगळी वस्ती पालटली. एका खोलीत राहणाऱ्यांकडे नळ आला. संडासात पाणी आलं. मळ्यांमध्ये लांबवर पाणी गेलं. पाईप विकणारी दुकानं झाली, दुकानांना माल पुरवणारे कारखाने झाले, कारखान्यांत शेकडो माणसं लागली. याबद्दल त्या पांढऱ्या नळीला कोणी हार घालायला गेलं नाही. गटार तुंबलं की मात्र पहिली शिवी प्लास्टिकला. तुंबवणारे हात कोणाचे, ते विचारायचं नाही.

चोर त्यातही होते. पावडर महाग झाली की काही कारखानदार तिच्यात खडूची भुकटी वाढवायचे. बाबा दुकानात गेले की पाईपाचा तुकडा बुटाखाली घालून दाबायचे. चांगला पाईप चपटा होतो, खडूचा तडकतो. तडकला की बाबा तो उचलून दुकानदाराच्या टेबलावर आपटायचे आणि म्हणायचे, "हा शाळेत द्या, फळ्यावर लिहायला." तेव्हा बाबांना राग यायचा. हे मुद्दाम सांगते आहे. पुढे त्यांचा राग गेला आणि घरातला सगळा राग एकट्या मलाच करावा लागला.

या कामात एक चूक अशी आहे जी दुसऱ्या कोणत्या कामात होऊच शकत नाही. पाईप चिकटवण्याआधी सगळे जोड कोरे, म्हणजे सोल्युशन न लावता, जुळवून बघायचे असतात. माप बरोबर आलं की एकेक जोड काढायचा, सोल्युशन लावायचं आणि पुन्हा बसवायचा. पंचवीस-तीस जोडांत एखादा तसाच कोरा राहून जातो. आणि कोरा जोड महालबाड. तो लगेच गळत नाही. घट्ट बसलेला असतो, महिनाभर पाणी धरतो, भिंतीला टाइल्स लागतात, लोक राहायला येतात आणि मग एक दिवस निसटतो.

बाबांनी त्यावर उपाय काढला होता. कोरं जुळवताना ते टोच्यानं प्रत्येक जोडावर एक उभा ओरखडा काढायचे, अर्धा पाईपावर, अर्धा जोडावर. मग सोल्युशन लावून, ओरखड्याला ओरखडा जुळवून बसवायचे, मनात तीस मोजेपर्यंत हातानं दाबून धरायचे आणि त्यावर दुसरा ओरखडा आडवा काढायचे. झाली फुली. नुसता उभा ओरखडा म्हणजे कोरा, फुली म्हणजे पक्का. पेन्सिलीची खूण सिमेंटात पुसते म्हणून टोचा. "भिंतीत गाडायच्या पाईपावर नक्षी कशाला?" म्हणून लोक चेष्टा करायचे. त्यावरूनच बाबांना फुलीवाले हे नाव पडलं. चेष्टेतलं नाव पुढे मानाचं झालं. लोक दोन आठवडे थांबायचे, पण काम फुलीवाल्यांकडूनच करून घ्यायचे.

काकांचं लोखंड तोवर माळ्यावर गेलं होतं. त्यांना कोणी बोलवत नव्हतं, म्हणून ते बाबांबरोबर कामावर जायचे आणि उलट्या बादलीवर बसून नावं ठेवायचे. "चिकटवलेला पाईप! त्यापेक्षा पाकिटं चिकटवायचं काम घे, बसून तरी करता येईल." त्यांचा सगळ्यात मोठा आक्षेप नळाच्या तोंडाशी होता. तिथे प्लास्टिकच्या एल्बोत, म्हणजे काटकोनी तुकड्यात, आटे असतात आणि त्यात नळाचा लोखंडी तुकडा बसतो. बाबा त्यावर पांढरी टेप गुंडाळून तो हातानं बसवायचे, वर अर्धा फेरा, की बास. काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"हातानं घट्ट होतो तो जोड कसला?"

"दादा, हे लोखंड नाही," बाबा समजवायचे. "जास्त पिळलं की आतून फाटतं. आज दिसत नाही, महिन्यानं दिसतं."

"मला शिकवतोस?" काका म्हणायचे. तिथे बोलणं संपायचं.

मी नऊ वर्षांची असताना बाबांनी त्या तीन मजली इमारतीचं काम घेतलं. तळमजल्यावर बियाण्यांचं दुकान, वर राहायच्या खोल्या. शेवटच्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचं न्हाणीघर तेवढं राहिलं होतं. दुपारी मला ताप चढला. चांगलाच चढला, मी काहीबाही बडबडायला लागले. आईनं घाबरून शेजाऱ्याला बाबांकडे पिटाळलं. बाबांच्या हातात तेव्हा शेवटचा एल्बो होता. नळाचा तुकडा त्यात बसवून झाला होता. एल्बो पाईपाला कोरा लावून उभा ओरखडाही काढला होता, एवढं त्यांना पक्कं आठवतं. तेवढ्यात खालून हाक आली, "पोरगी बेशुद्ध पडतेय!" त्यापुढचं त्यांना आठवत नाही. आठवतात ते काकांचे शब्द. "तू नीघ. मी दार लावून येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाइल्सवाल्यानं भिंत बंद केली.

चोवीस दिवसांनी भिंतीतली लाइन फुटली. दुकान बंद असण्याचा दिवस होता, वरच्या खोल्या अजून रिकाम्याच होत्या, त्यामुळे पाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुखानं गळत राहिलं. पहिल्या मजल्यावरून झिरपत दुकानाच्या छतातून खाली, बियाण्यांच्या पोत्यांवर. पोती फुगून शिवणीत उसवली. तिसऱ्या दिवशी त्या फटींतून मुळ्याचे हिरवे कोंब बाहेर आले. लोक लांबून बघायला यायचे. "फुलीवाल्यानं छतातून शेती केली," हा विनोद आमच्या शाळेपर्यंत पोचला. त्याच्यामागून दुसरं वाक्य आलं, आणि ते विनोद नव्हतं. "फुलीवाल्याची फुली राहिली."

बाबा घरमालकाकडे गेले. "दोन टाइल्स फोडू द्या. जोड बघू द्या. टाइल्स मी लावून देतो." मालक म्हणाला, "तुझ्या हातात पुन्हा छिन्नी देऊ? वेड लागलंय का मला?" त्यानं दुसरा प्लंबर बोलावला. त्या प्लंबरनं आतली लाइन बंद केली, बाहेरून नवीन पाईप फिरवला आणि भिंत न फोडताच सगळ्यांना सांगितलं की जोड कोरा राहिला होता. बघितलं होतं का यानं? भिंतीपलीकडचं दिसत होतं का याला? पण त्याला बाबांची गिऱ्हाइकं हवी होती आणि ती त्याला मिळाली.

बाबांनी काकांना विचारलं, "दादा, तू शेवटी होतास. फुली होती का रे?"

"मी कुठे बघितलं?" काका म्हणाले. "दार लावलं आणि निघालो."

एवढं बोलून काका जेवायला बसले. मी तिथेच होते. मला आठवतं, त्यांनी वाढून घेतलेलं सगळं संपवलं.

बाबांच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही. लोक नुसते दुसऱ्याला बोलवायला लागले. चार महिन्यांत बाबांनी हत्यारांची थैली माळ्यावर टाकली आणि रेक्झिनच्या दुकानात कामाला लागले. खुर्च्यांचं रेक्झिन, टेबलावरचं फुलाफुलांचं विनाइलचं कापड, स्कूटरच्या सीटची कव्हरं, मागेल त्याला मीटरवर कापून द्यायचं. माल तोच, पण हातातलं कसब गेलं. ज्या माणसाचा दुकानदार धसका घ्यायचे तो आता गिऱ्हाइकाला "निळं दाखवू का?" म्हणून विचारायचा.

काम गेलं याचं मला एवढं वाटलं नाही. त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघायचे. गॅस बंद केला का, हे आईला तीनदा विचारायचे. आणि एक सवय जडली, ती त्यांना स्वतःला माहीत नव्हती. पाण्याचा ग्लास हातात घेतला की तो घट्ट धरून ठेवायचे. पाणी पिऊन झालं तरी धरून ठेवायचे. ओठ हलत असायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर मनात मोजलं. तीस. रोज, प्रत्येक ग्लासाला, सतरा वर्षं हा माणूस तोच एक जोड पुन्हा पुन्हा लावत होता.

मला कोणी दोष दिला नाही. फक्त काका अधूनमधून म्हणायचे, "त्या दिवशी पोरगी आजारी पडली नसती तर..." आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचे. पुढचं मी स्वतः पूर्ण करायची. नऊ वर्षांची असल्यापासून करत आले आहे.

मी विनाइलच्या फरशीच्या कामात गेले ते बहुधा हट्टानं. दवाखाने, बसगाड्या, व्यायामशाळा, जिथे जिथे हा रोल अंथरतात तिथे मी गेले. सांधा गरम करून असा जुळवते की नखाला लागत नाही. आणि दोन वर्षांपूर्वी काका अंथरुणाला खिळले. लघवीला नळी घालावी लागली, खाटेला पिशवी टांगावी लागली. ज्यानं जन्मभर प्लास्टिकला शिव्या घातल्या त्याच्या अंगात आता त्याचीच नळी, अंगाखाली रेक्झिन, हातावरच्या सुईला तीच नळी. पिशवी रिकामी करायची, बदलायची, नळीचा जोड तपासायचा, हे सगळं बाबा करायचे. दोन्ही वेळा, न चुकता, नाक न मुरडता. काकांचं तोंड मात्र चालूच. "कसली मेली ही नळी. लोखंडाची असती तर टिकली असती."

"माळ्यावर आहे तुमची, गंजलेली," मी एकदा म्हटलं. "काढू का?"

आईनं मला डोळे मोठे करून गप्प केलं.

तर ती इमारत विकली गेली आणि तिथे दवाखाना व्हायचं ठरलं. फरशीचं काम आमच्या ठेकेदाराला मिळालं. पर्सचं रामायण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी फोडकाम करणारा मिस्त्री दुसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात घण घेऊन शिरला. मी हातातलं काम टाकून धावले.

"हा कोपरा मी फोडते."

"ताई, फरशीवाल्यांनी फरशी करावी," तो म्हणाला.

"फक्त हा कोपरा. बाकीची भिंत तुझी."

त्यानं तोंड वाकडं करून छिन्नी-हातोडा दिला आणि बिडी ओढायला बाहेर गेला. मी पहिली टाइल उडवली आणि थांबले. मी घरून ठरवून आले होते. नुसता उभा ओरखडा निघाला तर एल्बो गटारात फेकायचा आणि घरी जाऊन बाबांना सांगायचं की फुली होती. धडधडीत खोटं बोलायचं. पण मग ते खोटं मला एकटीला जन्मभर माहीत असणार होतं, माझ्या तापासकट. मी दुसरी टाइल फोडली. मग सिमेंट खरवडलं, आधी छिन्नीनं, मग पातीनं, मग ओल्या फडक्यानं.

फुली होती.

उभा ओरखडा, त्यावर आडवा. अर्धी पाईपावर, अर्धी एल्बोवर, केसाचाही फरक न पडता जुळलेली. मी जोड धरून हिसडा दिला. दोन्ही हातांनी ओढला. भिंतीतून पाईप हलला, जोड हलला नाही. मी त्या मलब्यात बसले आणि जोरजोरात शिव्या दिल्या, मालकाला, त्या प्लंबरला, शाळेतल्या प्रत्येक हसणाऱ्या तोंडाला. बिडीवाला आत डोकावून लगबगीनं परत गेला.

मग पाणी गळलं कुठून? मी एल्बोचं तोंड पुसलं. ते उभं फाटलं होतं, काठापासून खालपर्यंत, नख जाईल एवढं. फटीतून काहीतरी काळं, केसाळ दिसत होतं. मी चिमटीत धरून ओढलं. तागाचा धागा. त्यावर वाळलेला सफेदा. बाबांनी प्लास्टिकला कधी धागा लावला नाही. आणि नळाच्या लोखंडी तुकड्यावर पान्याच्या दातांचे चावे होते. पाना सटकून एल्बोवर लागला होता तिथेही तेच चावे, ओळीनं, आणि प्रत्येक ओळीत मधे एक जागा मोकळी.

एक दात तुटलेला पाना आमच्या घरी काकांच्या खाटेशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. काका दर आठवड्याला बाबांकडून त्याला तेल लावून घेतात.

मी दोन्हीकडून पाईप कापला, तो तुकडा फडक्यात गुंडाळला आणि ठेकेदाराला न सांगता घरी आले. बाबा काकांच्या खोलीत होते, पिशवी बदलत होते. नवी पिशवी जोडून झाली होती, जोडावर बोटं घट्ट होती आणि ओठ हलत होते. मी तीस होऊ दिले. मग म्हटलं, "बाबा, हे बघा. त्या भिंतीतलं आहे."

कुठली भिंत हे त्यांनी विचारलं नाही. हात पुसले, तुकडा घेतला, खिडकीशी गेले. अंगठ्याच्या नखानं ओरखडा शोधला. नख वरून खाली फिरवलं. मग आडवं. पुन्हा वरून खाली, पुन्हा आडवं.

"लावला होता," ते म्हणाले. "मी लावला होता गं."

मग त्यांनी तुकडा फिरवला आणि त्यांची नजर धाग्यावर अडकली. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. कारागीर माणूस. ते खाटेकडे वळले.

"दादा, हा धागा कोणी गुंडाळला?"

काकांनी भिंतीकडे तोंड केलं. माझं रक्त उसळलं. मी खिळ्यावरचा पाना काढला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. "एक दात नाही याला. तिथेही एका दाताची जागा मोकळी आहे. मोजून दाखवू?"

"हातानं बसवलेलं होतं!" काका एकदम म्हणाले. "हातानं! मला राहवलं नाही. सोडवून धागा लावला आणि तीन फेरे दिले. तीनच."

"आणि फुटलं तेव्हा?" बाबांनी विचारलं.

"तेव्हा कळलं."

"मी तुला विचारलं होतं दादा. फुली होती का, म्हणून विचारलं होतं."

"काय सांगणार होतो?" काका म्हणाले. "जन्मभर पाईप पिळले, आणि लोक म्हणणार, याला पिळता येत नाही? तू तरुण होतास. तुला दुसरं काहीतरी मिळालं असतं."

"मिळालं ना!" मी ओरडले. "सतरा वर्षं टेबलावरची कापडं कापली त्यांनी! आणि माझा ताप, काका? सगळं माहीत असून तुम्ही ते माझ्या तापावर ढकललंत! नऊ वर्षांची होते मी! लाज नाही वाटली?"

आई दारात आली होती. "अगं, हळू. आजारी आहेत ते."

"आजारी आत्ता आहेत. तेव्हा धडधाकट होते."

काका माझ्याशी बोललेच नाहीत. ते बाबांकडे बघून म्हणाले, "मी तुला वाढवलं रे."

"वाढवलंस," बाबा म्हणाले. "मी कधीच विसरलो नाही. तू विसरू दिलं नाहीस."

मग ते वाकले. नव्या पिशवीचा जोड एकदा बघितला, नळीला पडलेली मोड सरळ केली, काकांच्या पायावरची चादर नीट केली. सगळं रोजच्यासारखं, तेवढ्याच हलक्या हातानं.

"पिशवी भरली की हाक मार," ते म्हणाले. "मी येईन. दोन्ही वेळा येईन. पण आजपासून बोलायला येणार नाही."

"अरे, ऐक तर..."

बाबा थांबले नाहीत. स्वयंपाकघरात आले, तो फाटका एल्बो त्यांनी टेबलावर मधोमध ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. आतून काका हाका मारत होते. पिशवी भरलेली नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आईनं पाण्याचा ग्लास पुढे केला. मी सवयीनं मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. बाबा घटाघटा पाणी प्यायले आणि त्यांनी ग्लास टेबलावर असा आपटला की आई दचकली. सतरा वर्षांनी माझ्या बाबांना राग आला होता.